अंगण वाकडंच होतं

मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत घोंगड्यांची रांग संपली की अवजारांची पालं सुरू होतात. नांगराचे फाळ, कोयते, फवारणीचे पंप, आणि अलीकडे पायाने चालवायचं भात झोडायचं मशीन. नवं शतक लागून काही वर्षं झाली होती. मी सुनेबरोबर घोंगडी घ्यायला गेले होते, आणि त्या मशीनपुढे माझे पाय थांबले. तोच ड्रम, तेच तारेचे वाकडे दाते. रंग तेवढा हिरव्याचा निळा झालेला, आणि पुढच्या पट्टीवर लाल अक्षरांत लिहिलेलं: बांगड्या घालून मशीन चालवू नये.

मी विकणाऱ्याला विचारलं, "पुढचा पत्रा कुठाय?"

"कसला पत्रा, मावशी?"

"हात आत ओढला जाऊ नये म्हणून लावतात तो."

"त्याच्यासाठीच तर लिवलाय ना वर."

"मग जा, तुझ्या आईला सांग बांगड्या काढ म्हणून. मुस्काटात देईल तुझ्या."

तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. सुनेने दंडाला धरून मला पुढे नेलं. "आई, तुमी पण ना, कुठेपण भांडता." तिला काय सांगणार? मला कर्णिक बाई आठवल्या होत्या. त्या तिथे असत्या तर तो माणूस हसला नसता, एवढं नक्की. आणि त्या असूनही मशीनला पत्रा लागला नसता, हेही तितकंच नक्की. माझा राग कंपनीवर आहे आणि थोडा बाईंवरही आहे. इतकी वर्षं झाली, तो काही उतरत नाही.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत शेतीची अवजारं करणारा एक कारखाना होता. त्याचं नाव घेत नाही, घेण्यासारखं नाही. मी तिथे टायपिस्ट. शहापूरहून किन्हवलीवरून येणाऱ्या एसटीने जायचे. नव्वदीच्या सुमारास कारखान्याने नव्या मालाचं एक वेगळं खातं काढलं, चार इंजिनियर आणि एक फिटर असं, आणि त्यात दादरहून कर्णिक बाई आल्या. वस्तू कशी घडवावी याचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. त्यांचं काम असं, की मशीन बाजारात जाण्याआधी गावात न्यायचं, कोण कसं वापरतं, कुणाचं कुठे अडतं ते बघायचं आणि येऊन इंजिनियरांना सांगायचं. पहिल्याच आठवड्यात इंजिनियरांना कळलं की ही बाई सांगत नाही, भांडते.

अंगाने ठेंगण्या. जाड भिंगांचा चष्मा, मनगटावर पुरुषी घड्याळ, गालात सदा न कदा लवंग. लवंग या गालातून त्या गालात गेली की समजायचं, आता कुणाची तरी उतरणार. कुणाला बरं म्हणणं त्यांच्या जिभेवर नव्हतंच. माझं टायपिंग चुकलं की खाडाखोड करून द्यायच्या नाहीत, सरळ कागद फाडायच्या. डबा एकट्या खायच्या. एकदा मी भाकरी पुढे केली तर म्हणाल्या, "मला बोलत बोलत जेवता येत नाही, सुलभा. तू तिकडे बस." मी तिकडे बसले. अशा बाईशी कोण कशाला गोडीत राहील? पण पाड्यावर जाताना त्यांना मी लागायचे. ठाकरवाडीतली बोली त्यांच्या कानावरून जायची आणि आम्ही पिढीजात भातवाली माणसं, मला ती कळायची. म्हणून जीपमध्ये त्यांच्या शेजारची जागा माझी.

आल्या आल्या त्यांनी पहिली खोड काढली ती हजेरीच्या खिडकीची. पॅकिंगच्या बायकांना तिथे सही करायला टाचा उचलाव्या लागत. बाईंनी बांधकामाच्या ढिगातून दोन विटा आणून खिडकीखाली ठेवल्या. वॉचमनने त्या संध्याकाळी उचलून फेकल्या, कारण खेर साहेबांना ते बरं दिसत नव्हतं. खेर म्हणजे आमचे मॅनेजर. ते गमतीत म्हणाले, "एवढ्या बुटक्या बायका कामाला घेतल्याच कशाला मग?"

लवंग इकडची तिकडे झाली. "बायका बुटक्या नाहीत, खेर. खिडकी उंच आहे. बसवणारा एकदाही तिच्यापुढे उभा राहिलेला नाही."

रोज सकाळी बाई विटा ठेवायच्या, रोज संध्याकाळी वॉचमन फेकायचा. शेवटी वॉचमन कंटाळला आणि विटा राहिल्या. आम्हाला वाटलं, बाईंना जमतंय.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका ठाकरवाडीत आम्ही पहिल्यांदा ते झोडणीचं मशीन नेलं. पायाने फळी दाबायची की ड्रम फिरतो, वरून भाताची पेंढी धरायची की दाणे झडतात. बायकांनी थोडं चालवून बघितलं. मला वाटलं आपणही काही करावं, म्हणून मी विचारलं, "काय गो, आवडलं का मशीन?"

"बरा हाय," एकजण म्हणाली.

"बरा हाय, बरा हाय," सगळ्याच म्हणाल्या. पाणी आणलं, काळा चहा आणला.

परत येताना बाईंनी मला जीपमध्ये धुतलं. "पाहुण्याने आणलेल्या लाडवाला कुणी कडू म्हणतं का? तू म्हणशील? घरी आलेल्या माणसाला ही माणसं वाईट बोलत नाहीत, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. आणि तू विचारतेस आवडलं का. त्यांनी तुझा मान राखला, मशीनचं काय ते बोललंच नाही कोणी." मला राग आला होता, पण खोट कुठे काढणार? आमच्याच घरची रीत होती ती.

बाईंची स्वतःची रीत वेगळी होती. मशीन खळ्यावर उतरवायचं, काही न सांगता बाजूच्या मोहाच्या झाडाखाली जायचं आणि मशीनकडे पाठ करून बसायचं. तोंड गडाकडे. मला पण तसंच बसवायच्या. "बघत बसलं की त्या आपल्यासाठी चालवतात. आपण नाही बघितलं की स्वतःसाठी चालवतील." असं म्हणून त्या फक्त ऐकायच्या. ड्रमची घरघर चालू असेपर्यंत शांत. ती मधेच थांबली की बाईंची मान झर्रकन वळायची. थांबलं तिथे काहीतरी अडलं, असा त्यांचा हिशेब. मग उठून जायच्या, पण विचारायच्या नाहीत. नुसत्या उभ्या राहायच्या. सकाळची दुपार व्हायची. माझी पाठ मोडायची, बाईंची नाही.

त्या वाडीतच ठमी भेटली. तिशीतली, काटक, तोंडाने फटकळ. दोन-तीन खेपांनंतर ती बाईंना सरावली. एकदा मशीन थांबलं आणि बाई जाऊन उभ्या राहिल्या, तर ठमीच म्हणाली, "बाय, ही फली कोनी लावलीन? पाय ह्यो एवढा वर जातो, लुगडा गुडघ्यावर येतो. सासरा बसलाय समोर. काय करू मी, लुगडा धरू का पेंडी धरू?"

बाईंचा चेहरा असा उजळलेला मी पुन्हा क्वचितच बघितला. बरा हाय न म्हणणारं माणूस त्यांना सापडलं होतं.

फळी कारखान्यात बूट घातलेल्या माणसांनी ठरवलेली होती. बाईंनी फिटरला अनवाणी केलं, कमरेला लुगडं गुंडाळलं आणि अर्धा तास मशीन चालवायला लावलं. अख्खा कारखाना बघायला लोटला होता. खेर साहेब हसत म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं."

"अंगण वाकडंच असतं, खेर," बाई म्हणाल्या. "नाचणारीला कळतं. सारवणाऱ्याने कधी नाचून बघितलेलं नसतं."

फिटरच्या तळव्याला बोल्टाने खरचटलं, तो शिव्या देत खाली उतरला, आणि त्याने स्वतःच फळी खाली घेतली, वर लाकूड ठोकलं. पुढच्या खेपेला ठमीने चालवून बघितलं आणि काही न बोलता चालवतच राहिली. बाईंनी पाठ फिरवलेलीच होती. मला म्हणाल्या, "ऐक. थांबत नाहीये."

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग बाईंच्या लक्षात बांगड्या आल्या.

पेंढी झडत आली की आखूड होते आणि हात ड्रमजवळ जातो. तारेचे दाते वाकडे. त्यात बांगडी अडकली की काच फुटते, आणि पाय काढला तरी ड्रम लगेच थांबत नाही, गरगरत राहतो. ठमीच्या शेजारणीच्या मनगटाला एकदा ओरखडा आला, तेवढ्यावरून बाईंनी हे ताडलं. त्यांनी फिटरकडून पुढे बसवायचा एक गोल वळवलेला पत्रा करून घेतला. पेंढी आत जाईल, मनगट जाणार नाही, असा. साधी गोष्ट. मी बघितलाय तो पत्रा, आमच्या घरच्या सुपाएवढा होता.

खेर साहेब म्हणाले, खर्च वाढतो, वजन वाढतं, आणि दसऱ्याआधी माल बाहेर पडायला हवा. पत्र्याऐवजी त्यांनी मला सूचनांच्या कागदात एक ओळ वाढवायला सांगितली: मशीन चालवताना स्त्रियांनी बांगड्या काढून ठेवाव्यात.

मी म्हटलं, "साहेब, सवाष्ण बाई बांगड्या नाही काढत. नवरा गेला की काढतात."

"मग कागदावर तरी काढू दे," ते म्हणाले.

हे मी बाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी मीटिंग होती. मुंबईहून मोठे साहेब आलेले. चहाच्या कपांशेजारी बाईंनी हिरव्या बांगड्यांचे दोन जुडगे ठेवले आणि म्हणाल्या, "खेर, या भरा आणि खाली येऊन मशीन चालवा. मग ठरवू, पत्रा लागतो की नाही."

आता मराठी मुलखात पुरुषापुढे बांगड्या ठेवणं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. खेरांचा चेहरा लालबुंद झाला. मोठे साहेब जागेवरून उठले. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, हे फार झालं." मी दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होते आणि मनात म्हणत होते, बाई, उचला त्या, अजून वेळ गेली नाही, हसण्यावारी न्या.

"अपमान वाटला?" बाई म्हणाल्या. "तिच्या हातात असतात तेव्हा नाही वाटत. तुमच्या हातात आल्या की अपमान."

बरोबर होतं त्यांचं. अगदी शंभर टक्के बरोबर. आणि त्या क्षणी पत्रा मेला. कारण त्यानंतर खोलीत पत्र्याबद्दल कुणी बोललंच नाही, सगळे खेरांच्या अब्रूबद्दल बोलत राहिले. मीटिंग संपल्यावर मी बाईंना तोंडावर विचारलं, "तुम्हाला जिंकायचं होतं का पत्रा बसवायचा होता?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, लवंग थुंकली आणि टेबलावरच्या बांगड्या पर्समध्ये टाकल्या. मी त्यांना असं बोलेन हे मलाही ठाऊक नव्हतं.

दसऱ्याआधी पहिला माल बाहेर पडला, पत्र्याशिवाय. एक मशीन वापरून बघायला म्हणून ठमीच्या वाडीला दिलं, कारण ती बाईंनीच निवडलेली वाडी. दसऱ्याला वाडीने त्याला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. खेरांनी फोटो काढून आणला आणि मोठा करून ऑफिसात लावला. "बघा, लोक पूजा करतात आपल्या मशीनची."

"पूजा कोयत्याचीही करतात," बाई म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता.

दिवाळी उलटली, झोडणी लागली, आणि ठमीचा हात गेला. उजवा. बांगडी दात्यात अडकली, काच मनगटात शिरली आणि हात ड्रमवर ओढला गेला. दोन बोटं डॉक्टरांनी काढून टाकली, उरलेली वळत नव्हती. ही बातमी आम्हाला वाडीवरून येणाऱ्या दूधवाल्याने सांगितली. बाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, पुन्हा काढला.

कारखान्यात चौकशी झाली म्हणे. चौकशी कसली, सूचनांचा कागद टेबलावर ठेवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. वापरणाऱ्याची चूक. बाई तिथे एकच वाक्य बोलल्या, "चूक आपली आहे. झाली तेवढी तिच्या हाताने." ते कुणी लिहून घेतलं नाही. मोठ्या साहेबांनी मात्र फर्मान काढलं की खेरांनी स्वतः जाऊन ठमीचं म्हणणं ऐकावं, कर्णिक मॅडमनाही न्यावं. म्हणजे पुढे कुणी बोट दाखवायला नको.

असे आम्ही जीपने वाडीवर गेलो. खेर पुढे, मी आणि बाई मागे. बाईंच्या पायाशी एक गोणपाटाचं गाठोडं होतं. मी विचारलं नाही.

ठमी ओट्यावर बसली होती. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला, पदराखाली. दवाखान्यात त्या हातातल्या बांगड्या फोडून काढल्या होत्या. तिने त्या हाताचा वाटाही डाव्या हातात भरला होता, पार कोपराजवळ पोचल्या होत्या बांगड्या. माझी नजर तिथे गेली तसं ती म्हणाली, "दादला हाय ना माझा. मोकला हात कसा ठेवू?"

खेरांसाठी तिच्या सासूने घोंगडी अंथरली. पाणी आलं. खेर चांगल्या, मऊ आवाजात म्हणाले, "ठमाबाई, झालं ते वाईट झालं. आता खरं काय ते सांगा. मशीन कसं वाटलं?"

मी बाईंकडे बघितलं. इतके दिवस जो प्रश्न त्यांनी कुणाला विचारू दिला नव्हता, तोच. आणि तोही घरी आलेल्या पाहुण्याने, घोंगडीवर बसून.

"बरा हाय, साहेब," ठमी म्हणाली. "मशीनचा काय नाय. माझाच ध्यान नव्हता. माझीच चूक."

खेर बाईंकडे वळले. "ऐकलंत ना, मॅडम? माझे शब्द नाहीत हे."

बाई ओट्यासमोर उकिडव्या बसल्या. "ठमे," त्या म्हणाल्या, "मला तरी खरं सांग. फळी वर आहे म्हणून भांडली होतीस ना माझ्याशी?"

ठमीने बाईंच्या तोंडाकडे बघितलं. मग डाव्या हाताने तांब्या पुढे सरकवला. "पानी पी, बाय. लांबून आलीस. तू नको वाईट वाटून घेऊस."

तिला बाईंची कीव आली होती. हात हिचा गेला आणि कीव हिलाच आली. त्या फटकळ ठमीने बाईंनाही पाहुणी करून टाकलं, हे बाईंना कळलं आणि मलाही कळलं. मला तिथेच रडू फुटलं. बाई रडल्या नाहीत. पाणी प्याल्या, तांब्या खाली ठेवला.

खेरांचं काम झालं होतं, ते जीपकडे निघाले. बाईंनी गाठोडं सोडलं. आत तो पत्रा होता, सँपल रूममध्ये धूळ खात पडलेला, आणि बोल्ट पिळायचे दोन पाने. खळ्याच्या कडेला मशीन होतं, पट्टीवर दसऱ्याचं हळदकुंकू अजून वाळलेलं. बाई गुडघ्यावर बसल्या आणि बोल्ट सोडायला लागल्या.

मी म्हटलं, "बाई, आता काय उपयोग त्याचा?"

"भात पडलंय अजून खळ्यावर," त्या मान वर न करता म्हणाल्या. "उद्या ही परत उभी राहील. एका हाताने."

पत्रा बसायला वेळ लागला. बाईंची बोटं सोलवटली. जीपचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. शेवटचा बोल्ट आवळून बाई उठल्या आणि मला म्हणाल्या, "तू जा. मला तिकडे यायचं नाही आता." मग म्हणाल्या, "टायपिंग बरं असतं तुझं."

मी जीपमध्ये चढले. त्या कारखान्यात परत आल्या नाहीत. कुणी म्हणे दादरला गेल्या, कुणी म्हणे कुठल्या कॉलेजात शिकवतात. माझी त्यांची गाठ नंतर पडली नाही. हजेरीच्या खिडकीखालच्या विटा दुसऱ्याच दिवशी वॉचमनने उचलल्या. पत्रा लागलेलं मशीन मी जन्मात ते एकच बघितलं.

ड्रायव्हर जीप वळवत होता तेव्हा मी मागच्या ताडपत्रीच्या फटीतून बघितलं. ठमी उठून मशीनपाशी आली होती. तिने पायाने फळी दाबली, ड्रम घरघरला. पेंढी तिने डाव्या हातात धरली आणि पुढे केली. पेंढी आखूड होत गेली तसा हात पुढे गेला, आणि साऱ्या बांगड्या पत्र्याला लागून टक् करून वाजल्या. फुटल्या नाहीत. पुन्हा पेंढी, पुन्हा टक्.

बाई मोहाखाली बसल्या होत्या, मशीनकडे पाठ करून, तोंड गडाकडे. मशीन थांबलं नाही, म्हणून त्यांनी मान वळवली नाही.